दात पांढरे केले की दातातलं सिमेंट कमजोर होतं का?

मित्रहो, आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी दातांत कशाला हात घालावा? प्रश्न रास्त आहे. आम्ही दातांचे डॉक्टर नाही. आज इथे कोणाला औषध सांगणार नाही, कोणाच्या तोंडात डोकावणार नाही. आमचा धंदा आयुष्यभर एकच, वाक्य तपासण्याचा. आणि आजचं वाक्य आहे : 'दात पांढरे करून घेतले की आधी भरलेलं सिमेंट कमजोर होतं.' कोणी हे ठामपणे सांगतं, कोणी तितक्याच ठामपणे 'छे हो, काही होत नाही' म्हणतं. दोघंही संशोधनाचा दाखला देतात. गंमत अशी की दोघांचेही दाखले खरे असू शकतात. असं कसं होतं, ते आज बघू.

हा विषय चैनीचा वाटेल, पण आपल्या महाड-पोलादपूर भागात तो तसा नाही. लग्नसराईचा काळ डोळ्यांसमोर आणा. चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, म्हणून वाड्यांवरची बरीच लग्नं मे महिन्यातच धरतात. मुंबईला असलेला मुलगा किंवा मुलगी तिकडेच दात पांढरे करून घेते. मग फोटोत दिसतं की सगळे दात उजळले, पण पुढच्या दातातलं जुनं फिलिंग पिवळं ते पिवळंच राहिलं. गावी आल्यावर, हळदीला दोन दिवस राहिलेत, महाडला डॉक्टर गाठायचा आणि म्हणायचं, 'एवढं बदलून द्या.' डॉक्टरही भिडस्त असला तर बदलून देतो. पुढच्या दिवाळीपर्यंत ते नवं फिलिंग कडेने काळं पडतं, नाहीतर एके दिवशी भाकरीच्या तुकड्याबरोबर हातात येतं. आता दोष कोणाचा? कोणी म्हणतं डॉक्टरचा, कोणी म्हणतं सिमेंट हलकं होतं, कोणी म्हणतं पांढरं करायच्या औषधाने सिमेंट खाल्लं. उमरठसारख्या गावाहून महाडला दात दाखवायला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. दिवसाची मजुरी जाते, गाडीभाडं जातं, डॉक्टरची फी वेगळी. तेव्हा निघून आलेलं फिलिंग ही किरकोळ गोष्ट नव्हे. दोष नेमका कशाचा हे कळलं तर हा खर्च वाचतो.

आधी 'सिमेंट' या शब्दाकडे वळू. आपण सगळ्याला सिमेंट म्हणतो, पण दातात भरतात त्या वस्तू एका जातीच्या नाहीत.

जुन्या माणसांच्या दाढांत 'चांदी' असते. तिच्यात चांदी आहे, कथिल आहे, तांबं आहे, आणि जवळजवळ निम्मा भाग पारा. ती दाताला चिकटत नाही. आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा करून तिला अडकवावं लागतं. दुसरी वस्तू म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट. अमेरिकेत राफेल बोवेन यांनी १९६२च्या सुमारास त्याच्यासाठी लागणारं रेझिन तयार केलं. आत काचेची बारीक पूड, भोवती प्लास्टिकसारखं रेझिन, आणि काच व रेझिन यांना जोडणारा एक रासायनिक दुवा. निळा प्रकाश दाखवला की ते घट्ट होतं. तिसरी वस्तू ग्लास आयोनोमर. ब्रिटनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ती शोधली, १९७२ साली ती जगापुढे आली. काचेची पूड आणि एक आम्ल यांचं हे मिश्रण. खऱ्या अर्थाने सिमेंट म्हणावं असं हेच. ते दाताला आपणहून चिकटतं, थोडं फ्लोराइड सोडत राहतं, आणि त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. म्हणून शिबिरांत, जिथे वीज नाही, खुर्ची नाही, तिथे हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून हेच भरतात. ही शिबिराची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात सुरू झाली आणि जगभर गेली. आडवा ब्रश किंवा खरखरीत मंजन वर्षानुवर्षं घासून हिरडीजवळ दाताला खाच पडते ना, तीही पुष्कळदा याच सिमेंटने बुजवतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पांढरं करायचं औषध. नावं हजार असली तरी आतला गडी एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड. एमआयडीसीत काम करणाऱ्या पोरांना हे नाव नवीन नाही. कापड आणि कागदाचा लगदा पांढरा करायला जगभर हेच वापरतात. दवाखान्यात खुर्चीवर बसवून लावतात ते ३५ ते ४० टक्क्यांचं असतं. हिरडीवर आधी संरक्षक थर देऊनच ते लावतात. घरी रात्री साच्यात घालून वापरायचं ते बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. ही घरगुती रीत अमेरिकेतल्या हेवूड आणि हायमन या दोघांनी १९८९ साली मांडली. त्या १० टक्क्यांतून प्रत्यक्षात साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, बाकी युरिया. म्हणजे दोन औषधांच्या तीव्रतेत दहा पटींचा फरक आहे, आणि आपण दोन्हींना 'व्हायटनिंग' म्हणतो.

हे औषध दात घासत नाही, त्याचा थर काढत नाही. पेरॉक्साइडचे कण इतके लहान की ते दाताच्या कठीण कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, आत शिरतात. तिथे रंग देणारे मोठे रेणू असतात, त्यांना ते तोडतात. तुटलेले रेणू फिके दिसतात. इनॅमल जवळजवळ ९६ टक्के खनिज असलं तरी ते काचेसारखं बंद नाही, त्याला सूक्ष्म छिद्रं आहेत. पेरॉक्साइड आत जातं, आपलं काम करतं आणि मागे प्राणवायू ठेवून जातं. हा मागे राहिलेला प्राणवायू आजच्या गोष्टीतला खरा पाहुणा आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

आता आमच्या आवडीचा भाग. 'कमजोर होतं' म्हणजे काय होतं? मजबुती हा एक गुण नाही, तो एक ढीग आहे. प्रयोगशाळेत तो ढीग उपसावा लागतो. हिऱ्याचं बारीक टोक ठराविक वजनाने वस्तूवर दाबायचं आणि खळगा किती पडला ते मोजायचं, याला पृष्ठभागाची कठीणता म्हणतात. वस्तूची कांडी करून ती दोन आधारांवर ठेवायची आणि मध्ये भार द्यायचा, किती भाराला मोडते ते बघायचं, ही वाकण्याविरुद्धची ताकद. कंपोझिटसाठी आंतरराष्ट्रीय मानक असं की कांडी २५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद आणि तितकीच जाड असावी. चावण्याच्या पृष्ठभागावर वापरायच्या मालाने किमान ८० मेगापास्कल सोसलं पाहिजे. हा आकडा बोजड वाटतो, म्हणून हिशोब करून सांगतो : आगपेटीच्या काडीएवढ्या जाड कांडीने मधोमध साधारण दोन किलोचा भार न मोडता पेलायचा. तिसरी मोजणी दाबाखाली चुरा होण्याची. चौथी खडबडीतपणाची. आणि पाचवी, वस्तू दाताला किती घट्ट चिकटली आहे त्याची. चांगल्या जोडाला साधारण २० मेगापास्कल लागतात, म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर दोन किलो. तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढ्या जागेला दोन किलोची पिशवी टांगली तरी जोड सुटता कामा नये.

बघा, 'कमजोर होतं' म्हणणारा बहुधा पहिल्या किंवा चौथ्या मोजणीबद्दल बोलत असतो. 'काही होत नाही' म्हणणारा दुसऱ्या-तिसऱ्या मोजणीबद्दल. दोघं एकाच शब्दाने दोन वस्तू दाखवतात आणि भांडतात. आमच्या वर्गात निम्मे वाद याच जातीचे निघत.

एकेका वस्तूचं काय होतं ते पाहू. चांदीवर फारसा वेळ घालवायचं कारण नाही. ती दाढांत असते, पांढरं करायचं औषध पुढच्या दातांना लावतात, दोघांची गाठ कमी पडते. पडलीच तर तिच्या ताकदीला धक्का बसत नाही, मात्र पेरॉक्साइडच्या संगतीत ती एरवीपेक्षा थोडा अधिक पारा सोडते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून चांदी असलेल्या दाढांवर औषध उगाच माखू नये, एवढं पुरे.

कंपोझिटबद्दल संशोधनाचा गठ्ठा मोठा आहे, आणि तो एका तोंडाने बोलत नाही. काही प्रयोगांत पृष्ठभागाची कठीणता उतरली, काहींत जशीच्या तशी राहिली, थोड्यांत चढलीसुद्धा. हे ऐकून कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांना काही कळत नाही. तसं नाही. कोणी ३५ टक्क्यांचं औषध घेतलं, कोणी १० टक्क्यांचं. कोणी एक तास लावलं, कोणी रोज आठ तास असं दोन आठवडे. कोणी कंपोझिट झकास पॉलिश केलं होतं, कोणी नाही. मधल्या काळात नमुने कोणी साध्या पाण्यात ठेवले, कोणी कृत्रिम लाळेत. इतक्या गोष्टी बदलल्यावर उत्तर बदललं नाही तरच नवल. या सगळ्यातून टिकतं ते असं : पेरॉक्साइड काचेच्या कणांना काही करत नाही. भोवतीच्या रेझिनला आणि काच-रेझिनच्या दुव्याला ते थोडंसं बाधतं, तेही वरच्या पातळ थरात. पृष्ठभाग थोडा खडबडीत होऊ शकतो, खडबडीत झाला की चहा-हळदीचे डाग लवकर धरतो. पॉलिश केलं की हा थर बहुतेक निघून जातो. आत, जिथे चावण्याचा भार पेलला जातो, तिथे सहसा फरक पडत नाही.

आणि एक शब्द सावधपणे ऐका : 'लक्षणीय'. निबंधात 'लक्षणीय घट आढळली' असं छापलेलं असतं. तो शब्द सांख्यिकीचा आहे. त्याचा अर्थ एवढाच की हा फरक निव्वळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता कमी. तो मोठा आहे की लहान, तुमच्या दाताला त्याने काही होणार की नाही, याबद्दल तो शब्द मुका आहे. समजा कठीणतेचा आकडा ६० होता तो ५८ झाला. नमुने पुरेसे असले तर ही घट 'लक्षणीय' ठरेल, आणि भाकरी चावताना तुम्हाला तिचा पत्ताही लागणार नाही. हा शब्द निबंधातून वर्तमानपत्रात आणि तिथून मोबाइलवर येईपर्यंत 'भयंकर' होतो.

ग्लास आयोनोमरची गोष्ट मात्र वेगळी आहे. हे सिमेंट पाण्याच्या आधाराने बनलेलं, आणि त्याचं आम्लाशी वैर आहे. पांढरं करायची काही औषधं टिकावी म्हणून थोडी आंबट ठेवलेली असतात, कारण पेरॉक्साइड आंबटात जास्त दिवस टिकतं. असं औषध या सिमेंटवर पुन्हापुन्हा लागलं की त्याचा पृष्ठभाग झिजतो, खडबडीत होतो, बारीक भेगा दिसतात. सगळ्या प्रयोगांत सारखंच होतं असं नाही, पण कंपोझिटपेक्षा हे सिमेंट हळवं आहे याबद्दल बरीच एकवाक्यता आहे. आता मघाचं आठवा. हे सिमेंट कुठे असतं? शिबिरात भरलेल्या दातांत, आणि पुढच्या दातांच्या हिरडीजवळच्या खाचांत. नेमकं तिथेच, जिथे औषधाचा साचा बसतो. ज्याने कमी पैशात दात वाचवले त्याच्याच तोंडात हळवी वस्तू असण्याचा संभव अधिक. म्हणून अशा माणसाने पांढरं करायला बसण्यापूर्वी डॉक्टरला विचारावं, 'माझ्या दातात काय भरलंय?' हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. किती झाले ते विचारतात!

(श्रोत्यांत हशा)

हसा, पण कागदावर लिहून घ्या. लवंगेचा वास येणारं तात्पुरतं फिलिंग असतं, रूट कॅनालच्या मध्ये भरतात ते. ते तोंडात असताना तर पांढरं करण्याच्या भानगडीत पडूच नये, ते पेरॉक्साइडपुढे चांगलं टिकत नाही.

आता लग्नाच्या दोन दिवस आधी बदललेल्या फिलिंगकडे परत येऊ. ते नवं होतं, त्याला पेरॉक्साइड लागलंच नव्हतं. मग ते का निघालं?

न्याय-वैशेषिक दर्शनात दोन संबंध सांगितले आहेत, समवाय आणि संयोग. कापड आणि त्याचे धागे, फूल आणि त्याचा रंग, यांचा संबंध समवाय. तो तोडला तर वस्तूच राहत नाही. दोन स्वतंत्र वस्तू एकमेकींना भिडल्या, जशी भिंत आणि तिच्यावरची तसबीर, तो संयोग. तो येतो आणि जाऊ शकतो. दात आणि फिलिंग यांचा संबंध संयोगाचा आहे, कितीही घट्ट असला तरी. तेव्हा 'मजबुती' विचारताना तीन जागी विचारावं लागतं : दाताची, फिलिंगची, आणि या दोघांच्या संयोगाची. लोक पहिल्या दोन विचारतात. घात तिसऱ्यात होतो.

संयोग कसा घडवतात? १९५५ साली मायकल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने एक युक्ती काढली. पत्र्यावर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत पत्रा आधी फॉस्फोरिक आम्लाने धूत असत. त्याने तेच इनॅमलवर केलं. आम्लाने इनॅमलला सूक्ष्म खड्डे पडतात, पातळ रेझिन त्यांत उतरतं, तिथेच घट्ट होतं, आणि हजारो बारीक मुळं रोवल्यासारखी पकड बसते. आजही डॉक्टर तुमच्या दाताला निळसर जेल लावून काही सेकंदांनी धुतात ना, ते हेच.

आता गंमत पाहा. रेझिनला घट्ट होताना प्राणवायू चालत नाही. उघड्यावर घट्ट केलेल्या रेझिनचा सगळ्यात वरचा पापुद्रा चिकटच राहतो, कारण तिथे हवा लागते. हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. आणि नुकत्याच पांढऱ्या केलेल्या दाताच्या छिद्रांत काय भरलेलं आहे? तोच मघाचा पाहुणा, प्राणवायू. रेझिन आत उतरतं, पण तिथे नीट घट्टच होत नाही. मुळं कमी, आखूड, अर्धवट राहतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून कॅनडातल्या टिटली, टॉर्नेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं, आणि नंतर अनेकांनी पुन्हापुन्हा पडताळलं. कठीणतेबद्दल वाद करणारे संशोधक इथे मात्र एका बाजूला उभे दिसतात : पांढरं केल्यावर लगेच भरलेल्या दाताचा जोड स्पष्ट दिसेल इतका कमी भरतो.

महाडकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. पुराचं पाणी उतरल्यावर भिंत वरून कोरडी दिसते, आत ओल असते. गणपती तोंडावर आले म्हणून घाईने रंग काढला, की दसऱ्याला पोपडे येतात. त्यात रंगाचा दोष नसतो आणि भिंतीचाही नसतो. थांबायचं होतं, थांबलो नाही.

आणि थांबलं की खरंच फरक पडतो. प्राणवायू हळूहळू निघून जातो, लाळ आपलं काम करते, आणि जोड पूर्वीच्या जवळपास येतो. किती दिवस? प्रयोगांत एका दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत उत्तरं आली आहेत, औषध किती तीव्र आणि किती दिवस लावलं त्याप्रमाणे. दवाखान्यांत साधारण दोन आठवडे थांबायची रीत पडली आहे. त्याला दुसरंही कारण आहे. पांढऱ्या केलेल्या दाताचा रंग पहिल्या एक-दोन आठवड्यांत थोडा मागे येऊन स्थिरावतो. घाईत रंग जुळवून फिलिंग भरलं तर पंधरवड्याने तेच फिलिंग दातापेक्षा पांढरं दिसतं.

ज्यांना थांबायला वेळच नाही त्यांच्यासाठी एक तोड शोधली गेली. २००२ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या केलेल्या इनॅमलवर सोडियम ॲस्कॉर्बेट लावलं तर गेलेला जोड परत येतो. ते प्राणवायूच्या मागे राहिलेल्या खोडीला आवर घालतं. आता ॲस्कॉर्बेट म्हणजे व्हिटॅमिन सीचाच भाऊ, हे ऐकून कोणी घरी जाऊन आवळा किंवा लिंबू दातावर चोळू नका! तिथे क्षार वापरतात, आम्ल नव्हे. आणि ते डॉक्टरच्या हातचं काम आहे, तेही दोन आठवड्यांना पर्याय म्हणून सगळीकडे रूढ झालेलं नाही.

न्यायशास्त्रात एक शब्द आहे, उपाधी. जिथे धूर तिथे अग्नी हे खरं. पण 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं तर फसतं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीबरोबर ओलं लाकूड लागतं. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी. 'जिथे व्हायटनिंग तिथे कमजोर फिलिंग' या वाक्यातही उपाधी दडलेली आहे. कधी ती 'ग्लास आयोनोमर असेल तर' अशी आहे, कधी 'लगेच भरलं तर' अशी. उपाधी काढली की वाक्य पडतं. ती जागेवर ठेवली की तेच वाक्य उपयोगी पडतं, कारण मग टाळायचं काय ते कळतं.

एक शंका रास्त आहे, ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. हे बहुतेक प्रयोग तोंडात झालेले नाहीत. काढलेल्या दातांवर, कधी गाईबैलांच्या दातांवर, कधी नुसत्या चकत्यांवर झाले आहेत. तोंडात लाळ वाहते, तिच्यात पेरॉक्साइड फोडणारी द्रव्यं असतात, जेवण होतं, गरम चहा होतो. काचेच्या भांड्यातून तोंडात उडी मारताना अनुमान थोडं पातळ होतंच. तरी आमचं मत असं, की जिथे कारण समजलेलं आहे तिथे ही उडी घ्यायला हरकत नाही. प्राणवायूमुळे रेझिन घट्ट होत नाही हे कारण तोंडातही तेच राहतं. कठीणतेच्या आकड्यांमागे असं एक ठाम कारण नाही, म्हणून त्यांच्यावर आम्ही कमी विसंबतो.

घरगुती उपायांबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे पेरॉक्साइडपेक्षा तेच जास्त चालतात. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, लिंबू आणि खायचा सोडा. हे दात पांढरे करत नाहीत, घासतात किंवा खातात. कोळसा आणि राख दाताबरोबर फिलिंगही घासतात. कंपोझिटची चकाकी जाते, ग्लास आयोनोमर तर चांगलंच झिजतं. लिंबाचं काय सांगावं? या सिमेंटची कसोटीच मुळी आम्लात ठेवून घेतात. लिंबू चोळणं म्हणजे ती कसोटी रोज सकाळी आपल्याच तोंडात लावणं. सोलकढी, आमसुलाचं सार बिनधास्त प्या, ते वाहून जातं. आंबट दातावर चोळत बसणं वेगळं.

आता प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न असा आला आहे, की मग क्रम काय ठेवायचा? सांगतो. आधी दात तपासून घ्यायचे. एखादं जुनं फिलिंग कडेने उघडलं असेल तर पेरॉक्साइड त्या फटीतून थेट आत शिरतं आणि दात ठणकतो, म्हणून अशी फट आधी बंद करायची, तात्पुरती का होईना. कीड असेल तर तीही आधीच बघायची. मग साफ करून घ्यायचे. मग पांढरे. मग दोन आठवडे काहीही चिकटवायचं नाही. त्यानंतर रंग जुळवून पुढच्या दातांची फिलिंग बदलायची, कारण फिलिंग स्वतः पांढरं होत नाही. तेव्हा मे महिन्यात लग्न असेल तर हे सगळं मार्चमध्ये सुरू करा. आणि मुंबईत पांढरं करून महाडला फिलिंग करणार असाल तर इथल्या डॉक्टरला तारीख सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ती कळायला मार्ग नाही. कशेडीपलीकडे खेडला दंत महाविद्यालय आहे, पोलादपूरकरांना तेही जवळ पडतं.

दुसरा प्रश्न : दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या, पेन, ब्युटी पार्लरमधलं व्हायटनिंग, हे चालतं का? युरोपीय संघात २०१२ पासून नियम असा आहे की ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंतचं पेरॉक्साइड फक्त दंतवैद्यामार्फत द्यायचं, आणि अठरा वर्षांखालच्यांना द्यायचं नाही. त्यांनी हे का केलं असेल? पट्टी विकणाऱ्याला तुमच्या दातात ग्लास आयोनोमर आहे की कंपोझिट हे दिसत नाही, कुठे फट आहे हेही दिसत नाही. आपल्याकडेही १९४८ पासून दंतवैद्यक कायदा आहे, दातांवर उपचार करणाऱ्याची नोंदणी असावी लागते. पार्लरमध्ये भुवया कराव्यात.

तिसरा प्रश्न मागच्या रांगेतल्या ताईंचा आहे. त्या म्हणतात, आईने तीस वर्षं मशेरी लावली, दात काळपट झाले आहेत, हिरडीजवळ दोन ठिकाणी सिमेंट भरलंय, आणि नातवाच्या लग्नाआधी तिला दात पांढरे करून हवेत. करावेत का?

ताई, आईंची हौस रास्त आहे, आणि बहुधा त्यांना व्हायटनिंगची गरजच पडणार नाही. मशेरीचा डाग बराचसा बाहेरचा असतो, दातावरच्या किटणात बसलेला. तो साफसफाईने निघतो, ज्याला दवाखान्यात स्केलिंग म्हणतात. पेरॉक्साइड किटण काढत नाही. त्यांचं हिरडीजवळचं सिमेंट बहुधा ग्लास आयोनोमर असेल, ते विचारून घ्या, आणि स्केलिंग करताना डॉक्टरांना ते दाखवा, म्हणजे त्या जागी हात हलका राहील. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला १९९२ साली कायद्याने बंदी आली, पण खापरीवर तंबाखू भाजून घरी केलेल्या मशेरीपर्यंत कायदा पोचत नाही, तिथे तुम्हालाच पोचावं लागेल. त्याच खेपेला डॉक्टरांना गालाची आतली बाजू, जीभ आणि हिरड्या बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारं तोंड, तोंड कमी उघडणं, यांतलं काही असेल तर दातांचा रंग राहू द्या आणि आधी ते दाखवा. लग्न कधी आहे म्हणालात? वैशाखात. मग या आठवड्यातच घेऊन जा.